पदवीनंतरची पहिली पायरी
(मंडळात तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



परप्रांती आलेल्या आमच्या पिढीला पहिली नोकरी बहुधा कुणा आप्ताच्या शब्दावर मिळे. आज तो शब्द पुरत नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि गट 'ब'मधील अराजपत्रित पदांसाठी मुलाखतीच रद्द केल्या. तेथे लेखी परीक्षेची तयारी हीच खरी शिफारस होय.

जेथे मुलाखत आहे, तेथे आपल्याच अर्जाचा नीट अभ्यास करून जावे. बरेचसे प्रश्न त्यातूनच निघतात. छंद म्हणून 'वाचन' लिहिले असेल, तर अलीकडे काय वाचले हे सांगता यावे. ठाऊक नसेल तेथे तसे नम्रपणे सांगावे. थापेच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच.

आपल्या मुलांजवळ एक भांडवल अधिक आहे : घरची मराठी आणि अंगणाबाहेरची कन्नड, बंगाली वा तेलुगू. सरकारी बँकांतील लिपिकपदासाठी त्या त्या राज्याची भाषा यावी लागते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा मुख्य परीक्षा मराठीतून देता येते; तशी दिल्यास मुलाखतही मराठीतून देता येते. एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण या मुलाखतीचे असतात.

पालकांना विनंती एवढीच, की पहिल्या नकारावरून मुलांना दूषण देऊ नये. आम्ही स्थिरावलेल्यांनी या मुलांचे अर्ज तपासून द्यावेत, सरावाच्या मुलाखती घ्याव्यात. पन्नाशी गाठलेल्या मंडळाला हे सहज साधेल.