तेलकट चेहरा आणि खारें पाणी



कपाळ व नाक तेलानें चकाकूं लागलें कीं तेरा-चौदा वर्षांचा विद्यार्थी वर्गांत मान खालीं घालून बसूं लागतो. घरचीं माणसें, "तोंड नीट धुवत नाहींस," म्हणून त्यासच बोल लावतात. तो बिचारा दिवसांतून सहा-सहा वेळां साबण चोळतो, आणि तरीही सायंकाळीं तोंड तेलकट तें तेलकटच. चेहऱ्यावरचें तेल म्हणजे मळ, हा गैरसमज या साऱ्याच्या मुळाशीं आहे.

वस्तुतः त्वचेंत सूक्ष्म तैलग्रंथि असतात. कपाळ, नाक व हनुवटी येथें त्यांची दाटी असते. तळहात व तळपाय यांवर त्या मुळींच नसतात. त्यांतून पाझरणारें स्निग्ध द्रव्य कातडीस मऊ राखतें. यौवनारंभीं पुरुषी संप्रेरकें, जीं मुलींच्या शरीरांतही अल्प प्रमाणांत असतात, या ग्रंथींना चेतवितात व तेल वाढतें. यांत अस्वच्छतेचा दोष नाहीं. भज्यांचें तेल चेहऱ्यावर येतें, हेंही खरें नव्हे.

वऱ्हाडांत मात्र दोन अडचणींची भर पडते. पहिली उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्याही वर चढतो; घाम आणि तेल एकत्र होऊन तोंड चिकट होतें. दुसरी पाण्याची. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्याच्या बऱ्याच भागास खारपाणपट्टा म्हणतात, तो तेथील खारट भूजलामुळें. जेथें न्हाण्याधुण्यास असें विहिरीचें किंवा बोअरचें पाणी घ्यावें लागतें, तेथें साबणास फेस येत नाहीं. म्हणून मनुष्य अधिक चोळतो, आणि साबणाचा साका कातडीवर बसतो.

निरोगी त्वचा किंचित् आम्लधर्मी असते व साबण अल्कधर्मी. वारंवारच्या साबणानें तोंड ओढल्यासारखें होतें, आग होते, लाली येते. ग्रंथींचें काम मात्र थांबत नाहीं. धुतलेलें तेल कांहीं तासांतच पुन्हां जमतें. कातडी रुक्ष आणि चेहरा तेलकट, अशी विपरीत अवस्था त्यांतून उत्पन्न होते.

तेव्हां उपाय साधा आहे. सकाळ-सायंकाळ दोन वेळां, आणि फार घाम आल्यास आणखी एकदां, सौम्य फेसवॉशनें तोंड धुवावें. पाणी खारें असेल तर शेवटीं तांब्याभर गोडें पाणी घ्यावें. मऊ पंचानें टिपावें, घांसूं नये. मुलतानी मातीचा पातळ लेप आठवड्यांतून एकदां पुरे. तो कडक वाळण्यापूर्वींच धुवावा. लिंबाचा रस लावून उन्हांत गेल्यास कातडी भाजते व काळे डाग उरतात, म्हणून तो टाळावा. डोक्यास चोपडलेलें तेल कपाळावर उतरतें. तें बेतानेंच लावावें. उन्हांत तोंडास बांधावयाचा दुपट्टा रोज धुवावा.

याहून गंभीर गोष्ट औषधांची आहे. शेजाऱ्याच्या किंवा मित्राच्या सांगण्यावरून दुकानांतून मलम आणून लावण्याची संवय सर्वत्र दिसते. त्यांतील पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतें. प्रारंभीं चेहरा उजळ दिसतो. पुढें कातडी पातळ होते, केंस वाढतात, पुटकुळ्या दुणावतात, आणि मलम सोडतांच आग होते. म्हणूनच २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशीं १४ स्टेरॉइडें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली. तेल कमी करणारी आयसोट्रेटिनॉइनची गोळी गुणकारी खरी, पण गरोदरपणीं घेतल्यास गर्भांत व्यंग उत्पन्न करते; ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालींच घ्यावी. पुटकुळ्या दुखूं लागल्या किंवा खड्डे पडूं लागले, तर अकोल्यास सर्वोपचार रुग्णालय आणि अमरावतीस लोक ज्यास अद्याप इर्विन म्हणतात तें जिल्हा रुग्णालय, येथें वेळींच दाखवावें.

वयाबरोबर तेलाचा जोर बहुधा ओसरतो. पण लाजेनें लावलेल्या भलत्या मलमांचे डाग तसे ओसरत नाहींत. म्हणून आईबापांनीं मुलांस बोल न लावतां, हें वयाचें लक्षण आहे एवढें समजावून सांगावें. तेवढ्यानेंही पुष्कळ मुलें पुन्हां मान वर करून वर्गांत बसतील.