आनंदीबाईंचे सहा प्रश्न
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी तोंडवलीचा एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परदेश मी नकाशावरच पाहिला आणि नकाशावरच मुलांना शिकविला. अशा माणसाने मुलींच्या परदेशप्रवासाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गेल्या वर्षी हा विषय आमच्याच पडवीत येऊन बसला, म्हणून हे धाडस करीत आहे.

समुद्रापलीकडे जाणे आपल्या किनाऱ्याला नवे नाही. आपल्या कित्येक घरांतील पुरुष खलाशी म्हणून बोटींवर गेले आणि दूरदूरची बंदरे पाहून आले. मात्र जाणारा नेहमी पुरुष आणि वाट पाहणारी नेहमी स्त्री, असाच क्रम राहिला. माझ्या पुतणीने तो उलटा केला. तिचे वय सव्वीस, पुण्यात नोकरी. स्वतःच्या शिलकीतून युरोपातील काही शहरे एकटीने पाहण्याचा तिचा बेत होता. थोरल्या बंधूंनी मला बोलावून घेतले. “तू मास्तर. तुझा ती आयकता. तिका समजाव.” मी समजावण्यासाठी गेलो खरा; पण पोरगी म्हणाली, “काकानू, माका हो-नको सांगू नकात. तयारी कशी करूची ती सांगा.”

या वाक्याने मला कै. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण झाले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे या अठराव्या वर्षाच्या आतील मुलीने लोकांसमोर इंग्रजीत भाषण केले. अमेरिकेस वैद्यक शिकण्यासाठी जाण्याचा तिचा निश्चय झाला होता. लोक तिला जे प्रश्न विचारीत, त्यांचे तिने सहा भाग पाडले आणि एकेकाचे उत्तर दिले. का जातेस? येथे सोय नाही काय? एकटीच का? परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत काय? संकट आले तर काय करशील? आणि जे कोणा स्त्रीने केले नाही, ते तूच का करावेस? आमच्या पडवीत त्या संध्याकाळी हेच सहा प्रश्न निघाले. मध्ये एकशेचाळीस वर्षे लोटली होती.

पहिला प्रश्न, कशासाठी? आनंदीबाईंचा हेतू मोठा होता. देशात स्त्री-डॉक्टरांची गरज होती. पुतणीचा हेतू केवळ पाहण्याचा. तो हलका म्हणावा काय? मुलगा जग पाहण्यास निघाला तर आपण त्याला हौशी म्हणतो. मुलगी निघाली तर कारण विचारतो. पाहणे हेही शिक्षणच आहे, असे मी छत्तीस वर्षे वर्गात सांगत आलो. ते घरी नाकारणे मला शोभले नसते.

दुसरा प्रश्न, आपला देश आधी पाहिलास का? हा प्रश्न योग्य आहे. तिने पूर्वी जयपूर आणि काशी एकटीने केली होती. परक्या स्थानकावर सामान सांभाळणे, रात्री उशिरा न पोहोचणे, नको त्या आग्रहाला स्पष्ट नकार देणे हे धडे आपल्या भाषेच्या मुलखात गिरवून मगच पुढे जावे, हे बरे.

तिसरा, एकटीच का? गोपाळराव जोशी यांनाही पत्नीबरोबर जावयाचे होते. परंतु घरी वृद्ध आईबाप व लहान भाऊ यांचा भार होता. पुतणीच्या मैत्रिणीस रजा मिळेना. सोबतीची वाट पाहत बसणाऱ्याचा प्रवास बहुधा पाहण्यातच संपतो.

पाचव्या प्रश्नाकडे, म्हणजे संकटाकडे, आम्ही अधिक लक्ष दिले. तिच्या यादीत सहा शहरे होती. मी नकाशा उघडून दोन खोडली. वियेना, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम ही चार एका रेल्वेमार्गाने जोडता येतात. वियेनास उतरावे आणि रोमहून परतावे, म्हणजे मागे फिरण्याचा खर्च वाचतो. बारा रात्रींपैकी नऊ इटलीत होत्या, म्हणून व्हिसाचा अर्ज इटलीकडे केला. शेंगेन देशांत जेथे मुक्काम अधिक, तेथे अर्ज करावा असा नियम आहे. हा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान तीस हजार युरोचा प्रवास-विमा आवश्यक असतो आणि परतीच्या दिवसानंतर निदान तीन महिने पासपोर्टची मुदत शिल्लक असावी लागते. पैशांची दोन कार्डे दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावीत. ११२ हा संकटकाळचा क्रमांक युरोपीय संघातील सर्व देशांत चालतो. हे सर्व आम्ही एका कागदावर लिहिले. मुक्कामाची नावे, दूरध्वनी, गाड्यांच्या वेळा, वकिलातीचा क्रमांक. एक प्रत तिच्याजवळ, एक पडवीच्या भिंतीवर.

रोज रात्री नऊ वाजता तिचा फोन येई. तेथे तेव्हा सायंकाळचे साडेपाच असत. चौथ्या दिवशी, वियेनाहून व्हेनिसला जाताना, तो आला नाही. दहा वाजले, अकरा झाले. वहिनी देवापुढे बसल्या. बंधू माझ्याशी बोलेनात. त्यांचे न बोलणे मला शिव्यांहून जड झाले. मध्यरात्री भिंतीवरचा कागद उतरवून मी तिच्या मुक्कामाच्या जागी फोन लावला. आयुष्यभर शिकविलेले माझे इंग्रजी त्या रात्री प्रथम परीक्षेस बसले. पलीकडच्या बाईंनी संगणकावर पाहून सांगितले, वियेनाची गाडी वाटेत खोळंबली आहे, खोली राखून ठेवली आहे. रात्री एक वाजता पोरीचा आवाज ऐकू आला. मोबाइलची बॅटरी संपली होती, एवढेच. त्या रात्री पुरुष पडवीत जागत होते आणि दूरच्या प्रवासात होती ती स्त्री. दुसऱ्या दिवशी आम्ही कागदावर एक ओळ वाढविली: फोन न आल्यास किती वेळ थांबावे आणि मग प्रथम कोणास विचारावे. ही ओळ पहिल्या दिवशीच असावयास हवी होती. ती चूक माझी.

येथे एक दुःखाची गोष्टही सांगितली पाहिजे. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी ११ मार्च १८८६ रोजी मिळविली. परंतु प्रकृती मुळातच नाजूक, त्यात थंडी आणि श्रम. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, पुण्यात त्यांचे निधन झाले. म्हणून मुलींनो, यादीत औषधे, ऊबदार कपडे आणि विश्रांतीचा एक रिकामा दिवस अवश्य लिहा.

सहावा प्रश्न, आपल्यात कोणी केले नाही ते तूच का? त्याला उत्तर एवढेच, की कोणीतरी पहिली असावीच लागते.

चौथा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो तिला नाही, आपल्याला आहे. आनंदीबाईंनी सांगितले होते, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. आज परदेशी गेल्याबद्दल कोणी कोणास वाळीत टाकीत नाही. परंतु पुतणी परतल्यावर एका स्थळाकडून निरोप आला, मुलगी एकटी परदेशी फिरून आली आहे, आम्हांला विचार करावा लागेल. बंधुभगिनींनो, हे वाळीत टाकणे नाही तर काय? शब्द मवाळ झाला, एवढेच. बंधूंनी त्यांस कळविले, “विचार करू नका, आम्हीच केला.” मला माझ्या भावाचा त्या दिवशी अभिमान वाटला.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. आपल्या वधूवर-परिचयात मुलीच्या शिक्षणाबरोबर तिने एकटीने केलेला प्रवासही गुण म्हणून लिहिला जावा. आणि घरातील मुलगी नकाशा घेऊन आली, तर परवानगीचा वाद घालण्यापूर्वी तिच्याबरोबर कागद-पेन्सिल घेऊन बसावे.