ऐपत नाही म्हणून तुरुंग

(लोणी, ता. आंबेगाव येथे ग्रामस्थांपुढे एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



आम्ही मुलांस बाराखडी व पाढे शिकविणारे मास्तर. आम्ही कायद्यावर बोलावे, हा कोणास लहान तोंडी मोठा घास वाटेल. पण गेल्या वर्षी आमच्या हातून एक चूक घडली. ती तुमच्यापुढे कबूल केल्यावाचून आमच्याने राहवत नाही.

आमच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला, पालावर वाढलेला एक पोरगा. विहिरीवरची मोटार चोरल्याच्या संशयावरून त्यास धरले. चोरी त्याने केली की नाही, हे अजून ठरावयाचे आहे. बाराव्या दिवशी जामीन मंजूर झाला. पण हुकुमात पंधरा हजारांचा ऐपतदार जामीनदार मागितला होता. ज्याच्या सात पिढ्यांत सातबारा नाही, त्याच्या सोयऱ्यांत तरी ऐपतदार कोठून निघणार? त्याची आई वाडी-वस्तीवर फिरली. आमच्याकडेही आली. म्हणाली, "गुरुजी, तुमच्या एका सहीनं पोर सुटंल." आमची पगाराची पावती चालली असती. आम्ही म्हणालो, "बाई, आमच्या नोकरीचा प्रश्न आहे." जामीन मिळालेला तो पोरगा त्यापुढे एकाहत्तर दिवस तुरुंगात राहिला. तेवढ्यात त्याची धाकटी बहीण शाळा सोडून मजुरीस गेली, ती परत आली नाही. हे एकाहत्तर दिवस कोणत्या कलमाखालचे, हे आम्हांस कोणी समजावून सांगावे!

बंधूंनो, पैसा नाही म्हणून तुरुंग, हे दुःख आपल्या जिल्ह्यास नवे नाही. 1875 साली सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. त्यानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. सावकाराच्या पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास तुरुंगात घालणे त्याने बंद केले. परक्या सरकारासही जे कळले, ते आपल्या राज्यात जामिनाच्या बाबतीत का कळू नये? पालावरच्या अनेक जमातींवर 1871 च्या कायद्याने मारलेला गुन्हेगारीचा शिक्का 1952 साली पुसला गेला. आपल्या मनावरचा मात्र पुसला गेला नाही. म्हणून त्या बाईस एकही जामीनदार मिळाला नाही.

कोर्टांनी हा अन्याय ओळखला नाही असे नव्हे. 1978 साली मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून भावाचा जामीन नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यास स्वतःच्या एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडविले. 2023 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जामीन मिळूनही कैदी सात दिवसांत सुटला नाही, तर तुरुंगाधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळवावे. महिन्यात जामीनदार न मिळाल्यास कोर्टाने आपण होऊन अट सैल करण्याचा विचार करावा. आमचा पोरगाही सुटला तो विधी सेवेच्या वकिलाने अर्ज केल्यावर, जातमुचलक्यावरच. जे अखेरीस झाले ते पहिल्याच दिवशी का होऊ नये?

1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीन देऊ न शकणाऱ्यास निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावे, ही जुनी तरतूद तीत आहे. पण चोरी सहसा त्यात बसत नाही. पहिल्याच गुन्ह्यातील आरोपीने कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा तुरुंगात काढला, तर त्यास सोडावे, असेही तीत आहे. चोरीस कमाल शिक्षा तीन वर्षे. म्हणजे गरिबाने एक वर्ष वाट पाहावी! जामिनाचा वेगळा कायदा करण्याचा विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली सुचविले होते. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे. राष्ट्रपतींची संमती घेऊन आपली विधानसभाही त्यात दुरुस्ती करू शकते. आपल्या आमदारांकडे आपण एकच मागणी करावी: लहान गुन्ह्यात आधी जातमुचलका, जामीनदार मागावयाचा तर त्याचे कारण आणि आरोपीची मिळकत हुकुमात लिहावी.

कायदा बदलेपर्यंत आपण काय करावे? जामीनदार झाले की गुन्ह्यात अडकतो, अशी भीती गावोगाव आहे. ती खोटी आहे. आरोपी तारखेस हजर राहिला नाही, तर लिहून दिलेली रक्कम भरण्याची जबाबदारी येते, ही गोष्ट खरी. पण जामिनकीतून मोकळे होण्याचा अर्जही करता येतो. वकिलास पैसा नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देते, दूरध्वनी 15100. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्र सरकारची 2023 ची योजना आहे. तीत पैशाची मदत मिळू शकते. ही माहिती चावडीवर लावा.

त्या पोराची फिर्याद अजून चालू आहे. तो दर तारखेस हजर राहतो. एकही तारीख त्याने चुकविलेली नाही. ज्याच्यावर आम्ही विश्वास टाकला नाही, त्याने आम्हांस खोटे पाडले. गावातील दहा सातबारावाल्यांनी जामिनासाठी आपली नावे आज येथे लिहून द्यावीत. यादीत पहिले नाव आमचे लिहा. पगाराची पावती आम्ही सोबत आणली आहे.