आठवड्याची सुई

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून पाहुण्याबाई आणून व्याख्यान ठेवायचे, ही आपली जुनी रीत. यंदा चिटणीसबाईंनी ती मोडली आणि मलाच उभे केले. विषयही त्यांनीच दिला. म्हणाल्या, "तुम्ही ती आठवड्याची सुई घेता ना, तिच्यावर बोला. बायका आपसात कुजबुजतात, तुम्हाला मात्र कुणी विचारत नाही." खरे आहे ते. मी काही डॉक्टर नव्हे. एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. तेव्हा आकडे सांगेन, अनुभव सांगेन. औषध कुणी घ्यावे हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी सांगावे.

मला मधुमेह होऊन बारा वर्षे झाली. माझ्या आईलाही होता. तिच्या पायाची दोन बोटे काढावी लागली आणि शेवटची चार वर्षे तिला दिसत नव्हते. देवघरातली समई लावली की नाही, हे ती हाताला ऊब लागते का ते पाहून ओळखी. हे मी सहानुभूतीसाठी सांगत नाही. 'एवढ्या महागाचे औषध कशाला घेता' असे मला विचारतात, त्याचे उत्तर म्हणून सांगते.

जुलै २०२५ मध्ये माझे वजन होते ७८ किलो, उंची पाच फूट, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीएवनसीचा आकडा होता ९.२. तीन तऱ्हेच्या गोळ्या चालू होत्या. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला जाऊन येत होते, भात सोडला होता, पेढ्यांचा वास आला की रस्ता बदलत होते. आणि साताऱ्यात असे किती रस्ते बदलणार! तरी काटा हलेना. "जरा तोंडावर ताबा ठेवा" हे वाक्य ज्यांनी वर्षानुवर्षे ऐकले असेल, त्यांना पुढची हकिगत लवकर समजेल.

आपण जेवलो की आतड्यांतून काही द्रव्ये रक्तात जातात. एकाचे नाव जीएलपी-१. ते स्वादुपिंडाला सांगते, इन्शुलिन सोड; जठराला सांगते, सावकाश चल; आणि मेंदूला सांगते, पुरे झाले. पण हा निरोप्या फार अल्पायुषी. दोन-चार मिनिटांत रक्तात त्याचे तुकडे होतात. शास्त्रज्ञांपुढे प्रश्न होता तो एवढाच, की हा निरोप टिकवायचा कसा.

उत्तर आले ते फार चमत्कारिक ठिकाणाहून. अमेरिकेच्या वाळवंटी भागात गिला मॉन्स्टर नावाचा एक विषारी सरडा असतो. आपल्याकडे घोरपड म्हटली की किल्ल्याचा कडा आणि दोर आठवतो. तिच्याच तोंडवळ्याचा हा प्राणी वर्षातून मोजक्या वेळा खातो. न्यूयॉर्कचे डॉ. जॉन एंग यांना १९९२ च्या सुमारास त्याच्या विषात जीएलपी-१ सारखेच, पण पुष्कळ अधिक टिकणारे द्रव्य सापडले. त्यावरून झालेले औषध २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते दिवसातून दोनदा टोचावे लागे. पुढे माणसाच्या मूळ द्रव्यावरच काम करून, त्याला स्निग्धाम्लाची एक शेपटी जोडून, ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहील असे केले. म्हणून सेमाग्लुटाईडची एक सुई आठवडाभर पुरते. ते अमेरिकेत २०१७ मध्ये मधुमेहासाठी आणि २०२१ मध्ये वजनासाठी मंजूर झाले. मी घेते ते टिर्झेपेटाईड. ते जीएलपी-१ आणि त्याच्याच जातीचे जीआयपी, अशा दोघांची कामे करते. आपल्या देशात ते मार्च २०२५ मध्ये आले. तेव्हा कुणी म्हणाले की बाई सरड्याचे विष टोचून घेतात, तर त्यांना सांगा, तसे काही नाही.

आता गुण किती? मधुमेह नसलेल्या स्थूल माणसांवर सेमाग्लुटाईडची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. ज्यांना नुसत्या पाण्याची सुई दिली त्यांचे २.४ टक्के. टिर्झेपेटाईडच्या सर्वांत मोठ्या डोसाने ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. मधुमेह्यांचे वजन याहून कमी उतरते, हे लक्षात ठेवा, म्हणजे शेजारणीशी तुलना करून निराश व्हायला नको. माझे दहा महिन्यांत दहा किलो उतरले. एचबीएवनसी ६.७ वर आला. तीन गोळ्यांपैकी एक पूर्ण बंद झाली.

पण मला आकड्यांहून नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. डोक्यात खाण्याची जी अखंड भुणभुण असे, ती थांबली. दुपारचा चहा झाला की डब्यात काय आहे, ओट्यावर काय उरले आहे, हा विचार मनात सारखा चालू असे आणि तो चालू आहे हेही मला कळत नसे. तिसऱ्या आठवड्यात एकदा नातवाने कंदी पेढ्यांचा पुडा समोर उघडला आणि माझा हात गेला नाही. निग्रह करावा लागला नाही. हात गेलाच नाही. तेव्हा मनात आले, आईला आम्ही किती बोललो! तिचे तोंड बंद ठेवण्यासाठी फडताळाला कुलूप लावले होते घरात. तो तिचा दुर्गुण नव्हता, तिच्या शरीराचा निरोप पोचत नव्हता.

आणखी एक गोष्ट मध्येच सांगते. मधुमेह लठ्ठ बायकांचाच, असे काटकुळ्या भगिनी समजतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर फार मोठे काम केले आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' साप्ताहिकात त्यांचे आणि इंग्लंडमधल्या डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली चरबी पोटात दडून बसते. म्हणून काट्याबरोबर शिवणाची टेपही घ्या. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की तपासणी करून घ्यावी.

सुई टोचण्याचे भय मात्र मनातून काढा. पोट, मांडी किंवा दंड. दर वेळी जागा थोडी बदलायची. मी सुरू केले तेव्हा लहान कुपी आणि इन्शुलिनची पिचकारी होती. ऑगस्टमध्ये पेन आले. एका पेनात महिन्याचे चार डोस, सुई दर वेळी नवी. वापरलेली सुई घंटागाडीच्या पिशवीत सुटी टाकू नका, सफाई करणाऱ्या बायकांच्या हाताला लागते. जाड प्लॅस्टिकच्या डब्यात साठवून दवाखान्यात द्यावी. औषध फ्रिजमध्ये ठेवायचे, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठले की फुकट गेले. मेमध्ये मी सांगलीला माहेरी जाते. तिथला उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून थर्मासमध्ये थंड पाण्याची पिशवी आणि मध्ये रुमालाची घडी, अशी सोय करून एस.टी.त बसते.

त्रास होतो का? होतो. पहिले दोन महिने मला मळमळे, नंतर बद्धकोष्ठ. म्हणूनच डोस लहानापासून चढवतात: चार आठवडे २.५ मिलिग्रॅम, मग ५. घाई करू नये. तळलेले आणि ताटभर जेवण या औषधाला खपत नाही. क्वचित पित्ताशयात खडे होतात, स्वादुपिंडाला सूज येते. पोटात जोराने दुखून पाठीकडे कळ गेली तर रात्र काढत बसू नये. थायरॉईडच्या मेड्युलरी नावाच्या कर्करोगाचा घरात इतिहास असेल तर हे औषध देत नाहीत. साखर एकदम उतरली तर डोळ्याच्या पडद्याचा जुना विकार बळावू शकतो, म्हणून माझ्या डॉक्टरांनी आधी डोळे तपासून आणायला लावले. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी चालू असेल तर तिचे प्रमाण कमी करावे लागते, नाहीतर साखर फार खाली जाते.

भूक गेली की बायका आनंदाने खाणेच सोडतात. इथे मला जरा रागाने बोलावेसे वाटते. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात आणि साठीनंतर गेलेला स्नायू सहजी परत येत नाही. थोडे खायचे तर आधी प्रथिन खायचे. आपल्याकडे त्याची वाण नाही. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, पिठले, ताक, चालत असेल त्यांना अंडे. मी अर्धी भाकरी आणि वाटीभर उसळ खाते, आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठते-बसते. नात हसते. हसू दे.

उपासाचे सर्व जणी विचारतात. साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिष्ट. मधुमेहात ती उपासालाही नको. आणि हरतालिकेचा निर्जळी उपास मी यंदा करणार नाही. आधीच खाणे-पिणे कमी, त्यात पाणी बंद, वर गोळी. पार्वतीचा यात अपमान होतो असे मला वाटत नाही. तुम्हीही कृपा करून हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला पानात आग्रहाने वाढू नका. 'एवढेसेच?' म्हणणे बंद करा.

तरुण मुलींबद्दल दोन शब्द. लग्न ठरले की चार-सहा किलो उतरवायला ही सुई हवी, असे मला दोघींनी विचारले. एकीचे वजन ५८ किलो, उंची पाच फूट दोन इंच. तिला याची मुळीच गरज नाही. निर्देशांक ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाबासारखा विकार, अशांसाठी हे औषध आहे. गरोदरपणात ते चालत नाही. सेमाग्लुटाईड तर मूल होऊ देण्याच्या निदान दोन महिने आधी थांबवावे लागते. टिर्झेपेटाईडने गर्भनिरोधक गोळीचा गुण कमी पडू शकतो, हेही नव्या सुनांना कुणी सांगत नाही. एका दुकानात चिठ्ठीवाचून पेन मिळाल्याचे कानावर आले आहे. तसे घेऊ नका, आणि एकीचे पेन दुसरीने वापरू नका, सुई बदलली तरी.

आता पैशांचे. हे औषध आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या कुपीला ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमच्या कुपीला ४,३७५ रुपये पडत. महिन्याचे चार धरून हिशेब करू नका. वर्षाचे आठवडे ५२ असतात. त्या भावाने सव्वादोन लाखांच्या वर जाई. आपल्या घरांतून मुलाच्या गाडीचा हप्ता वेळेवर जातो आणि बाईच्या औषधाला 'बघू' म्हणतात. मी 'बघू'ची वाट पाहिली नाही, माझी एक पाटली मोडली. 'हे' दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी औषध ठेवायला फ्रिजमधला कप्पा त्यांनीच रिकामा करून दिला.

मार्च २०२६ मध्ये भारतात सेमाग्लुटाईडच्या पेटंटची मुदत संपली आणि इतर कंपन्यांनाही ते करण्याची वाट मोकळी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्येच ही औषधे आवश्यक औषधांच्या यादीत घेतली आहेत. जिल्हा रुग्णालयातून ती गरीब बाईला मिळतील तो दिवस मला पाहायचा आहे. पाटली सगळ्यांकडे नसते.

शेवटचा प्रश्न चिटणीसबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिला आहे: "किती दिवस घ्यायचे?" याचे उत्तर गोड नाही. सेमाग्लुटाईड थांबवलेल्यांना वर्षभराने तपासले तेव्हा उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आलेला होता. रक्तदाबाची गोळी जशी चालू ठेवतो, तसेच हे. म्हणून सुरू करण्याआधी पहिल्या महिन्याचा नव्हे, तिसऱ्या वर्षाचा खर्च मांडा. माझ्या पाटलीचे पैसे जुलैपर्यंत पुरतील. स्वस्तातले सेमाग्लुटाईड माझ्या साखरेला पुरेल का, हे डॉक्टर पुढच्या तपासणीत पाहणार आहेत. पुरले तर दुसरी पाटली नातीला जाईल, नाहीतर सोनाराकडे.

सुई कशी टोचतात हे ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी आठला माझ्याकडे यावे. चहा मिळेल, साखर ज्यांना हवी त्यांनी मागून घ्यावी.