मोजदाद
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी माझी ओळख करून देताना मला ‘अमेरिकेतल्या डॉक्टर’ म्हटले. त्यांच्या प्रेमाबद्दल मी आभारी आहे. पण आरंभीच एक दुरुस्ती करते. मी डॉक्टर नव्हे, नर्स आहे. चाळीस वर्षे नर्सचेच काम केले आणि निवृत्त झाले तीही नर्स म्हणूनच. त्यातली शेवटची सतरा वर्षे शस्त्रक्रियेच्या टेबलाशी सर्जनच्या समोर उभी राहून मी त्यांना मदत करीत होते. हे काम काय असते आणि मी तिथवर कशी पोहोचले, ते सांगावे अशी मंडळाची आज्ञा आहे. मला भाषणाची सवय नाही. घरी बसून बोलावे तशी बोलते.

माझे पहिले शिक्षण ह्याच मंडळात झाले. १९७५-७६ च्या सुमारास इथे दुपारी शिवणवर्ग भरे. आई मला बरोबर आणी. धावदोरा, उलटी टीप, काज हे सगळे मी इथल्या जाजमावर बसून शिकले. शिवणाच्या बाई मोठ्या कडक. वर्ग सुटण्याआधी त्या सगळ्या सुया मोजून डबीत घालीत. एक जरी कमी भरली तरी कोणाला उठू देत नसत. “घरी स्वयंपाक खोळंबलाय हो,” असे कोणी म्हटले की त्या म्हणत, “खोळंबू दे. उद्या ह्याच जाजमावर पोर रांगणार आहे.” तेव्हा आम्ही तोंडाला पदर लावून हसत असू.

१९८० साली बारावी झाले आणि नर्सिंगला जाते म्हणाले, तेव्हा घरात रामायण झाले. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळ्या करायच्या, मग लग्न कोण करणार? रमाबाई रानडे ह्यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले, त्याने सुरुवातीच्या काळातच बायकांना परिचारिका होण्याची वाट दाखवली. पण सत्तर वर्षांनंतरही आमच्या सांगलीच्या गावभागातल्या वाड्यात तो प्रश्न नवाच होता. शेवटी शिवणाच्या बाईच आमच्याकडे आल्या. आईला म्हणाल्या, “तिचा हात चांगला आहे. तो परकर-पोलक्यात कशाला घालवतेस?” माझा पांढरा गणवेश त्यांनीच शिवून दिला. शिलाई घेतली नाही.

साडेतीन वर्षांचे शिक्षण मुंबईला झाले आणि तिथल्याच एका रुग्णालयात, ऑपरेशन थिएटरमध्ये मी लागले. सर्जनच्या हातात हत्यारे देण्याचे माझे काम. पोटाच्या शस्त्रक्रियेत रक्त टिपायला कापडाच्या जाड घड्या लागतात, त्यांना मॉप म्हणतात. त्या काळी मॉप आम्हीच थान फाडून शिवत असू. कोपऱ्याला नाडी लावायची आणि ती नाडी चिमट्यात धरून पोटाबाहेर ठेवायची, म्हणजे आत कोणता मॉप आहे ते समजे. शस्त्रक्रियेआधी मॉप मोजायचे, पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायचे, आणि जमले की कागदावर ‘मोजणी बरोबर’ असे लिहून खाली सही करायची.

आता जे सांगणार आहे ते मी तीस वर्षे कोणाजवळ बोलले नव्हते.

१९८६ साल. रात्रीचे दोन वाजले होते. अडलेली बाळंतीण आली, सिझेरियन झाले. मूल रडले, सगळ्यांना हायसे वाटले. मॉप मोजले तर एक कमी. मी हळूच म्हटले, “सर, एक मॉप कमी आहे.” डॉक्टरसाहेब दमलेले होते, बाहेर दुसरी बाई खोळंबली होती. ते म्हणाले, “तुझीच मोजणी चुकली असेल.” मी पुन्हा मोजले. पुन्हा एक कमी. त्यांनी वर पाहिलेही नाही; सुई मागितली. आणि मी सुई दिली. मग कागदावर ‘मोजणी बरोबर’ लिहून माझी सही केली.

पाच आठवड्यांनी ती बाई परत आली. ताप उतरत नव्हता, पोट दुखत होते, अंगावरचे दूध आटले होते. पुन्हा पोट उघडले आणि तो मॉप निघाला. देवाची कृपा, ती वाचली. मला कोणी एक शब्द विचारला नाही, कारण कागद स्वच्छ होता. मी वॉर्डात तिला बघायला गेले. सांगायचेच असे ठरवून गेले होते. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “सिस्टर, त्या रात्री तुम्ही होता म्हणून माझं लेकरू वाचलं.” मी मान हलवली आणि परत आले.

चूक डॉक्टरांची की माझी, हा हिशेब मी पुष्कळ वर्षे करीत राहिले. मोठा वाटा त्यांचा, असे मन समजावी. पण सही त्यांची नव्हती, माझी होती.

पुढे लग्न झाले, मुलगा झाला आणि १९९४ साली यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत ओहायो राज्यात गेलो. तिथे नर्स म्हणून नाव नोंदवायचे तर आपल्याकडच्या शिक्षणाची तपासणी होते आणि परवान्याची परीक्षा द्यावी लागते. ती परीक्षा नुकतीच संगणकावर सुरू झाली होती. आपल्या उत्तरावरून यंत्र पुढचा प्रश्न निवडते आणि त्याचा निर्णय झाला की मध्येच थांबते. माझा पडदा पंचाहत्तराव्या प्रश्नाला बंद झाला. मी नापास झाले असे समजून रडत घरी आले. पास झाले होते!

पुन्हा थिएटरमध्येच लागले. तिथे एक नर्स पाहिली. ती हत्यारे देत नव्हती, सर्जनच्या समोर उभी राहून टाके घालीत होती. मला वाटले डॉक्टरीण असेल. चौकशी केली तर ती नर्स प्रॅक्टिशनर निघाली. ही पदवी अमेरिकेत १९६५ साली जन्माला आली. कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड नावाच्या परिचारिकेने डॉ. हेन्री सिल्व्हर ह्यांच्यासह तो अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांत डॉक्टर पुरत नव्हते, तेव्हा अनुभवी नर्सला तपासणी आणि उपचारांचे जादा शिक्षण द्यावे, ही त्यामागची कल्पना. लॉरेटाबाई २०२५ साली, १०४ वर्षांच्या होऊन वारल्या.

त्या नर्सला पाहून मी ठरवले, आपणही हे शिकायचे. नोकरी सांभाळून आधी पदवी घेतली, मग पदव्युत्तर शिक्षण, मग नर्स प्रॅक्टिशनरची परीक्षा, आणि त्यावर शस्त्रक्रियेत प्रथम साहाय्यक होण्याचा वेगळा अभ्यासक्रम. हे सगळे संपले तेव्हा २००७ साल उजाडले होते आणि मी पंचेचाळिशीत होते. एकाच टेबलावर एका बाजूला मुलाचा अभ्यास आणि दुसऱ्या बाजूला माझा, अशी काही वर्षे गेली. एका हाताने गाठ मारण्याचा सराव मी फ्रिजच्या मुठीला दोरा बांधून करी. टाक्यांच्या सरावाला तिकडे डुकराचे पाय आणतात, कारण ती कातडी माणसाच्या कातडीशी मिळतीजुळती असते. पहिल्यांदा तो पाय माझ्या ओट्यावर आला, तेव्हा यजमानांनी दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकले नाही. पण मला टाक्यांची धास्ती वाटली नाही. ह्या मंडळाचे जाजम आठवत होते.

काम समजावे म्हणून पंक्तीचे उदाहरण देते. पंक्तीत एकजण कोठीवर असते, हवे ते काढून देते. तशी थिएटरमध्ये एक नर्स बाहेरून सामान पुरवते. दुसरी निर्जंतुक टेबल सांभाळून हत्यारे हातात देते. ते माझे जुने काम. आणि तिसरी असते प्रथम साहाय्यक. सर्जनला नीट दिसावे म्हणून ती जखम ओढून धरते, रक्त शोषून घेते, रक्तवाहिनी बांधते, शेवटी टाके घालते. हृदयाच्या शस्त्रक्रियेत तर पायातली शीर काढून देण्याचे कामही तिच्याकडे येते. ज्या वेळी ती साहाय्यक असते, त्या वेळी तिने हत्यारे देण्याचे काम अंगावर घ्यायचे नाही, असा दंडक आहे. दोन्हीकडे लक्ष ठेवायला गेले की एकीकडचे सुटते, हे तुम्हा गृहिणींना मी काय सांगावे!

आणि नर्स प्रॅक्टिशनर असल्यामुळे तिचे काम टेबलापाशी संपत नाही. शस्त्रक्रियेआधी रोग्याला तपासायचे, त्याची औषधे पाहायची, भीती ऐकून घ्यायची. नंतर जखम बघायची, नळी काढायची, औषध लिहून द्यायचे. औषध लिहिण्याचे अधिकार तिकडे प्रत्येक राज्यात निराळे आहेत. आमच्या ओहायोत डॉक्टरांबरोबर लेखी करार असावा लागतो.

ह्याच सुमारास एक मोठी गोष्ट घडली. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची एक यादी काढली. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि रोगी थिएटरबाहेर नेण्याआधी ती मोठ्याने वाचायची. रोगी कोण, शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या बाजूची, मॉप आणि सुया मोजल्या का, अशा साध्याच गोष्टी. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात आपली दिल्लीही होती. यादीपूर्वी हजार रोग्यांत पंधरा दगावत होते, तिथे यादीनंतर आठ दगावले. औषध नवे नाही, यंत्र नवे नाही. केवळ विचारायचे आणि ऐकायचे.

त्या यादीत एक कलम असे आहे, की कापण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. पहिल्यांदा मला ते हास्यास्पद वाटले. रोजचीच माणसे, नावे काय सांगायची? पण मग उमगले. जिने एकदा तोंड उघडले, तिला दुसऱ्यांदा उघडणे सोपे जाते. १९८६ च्या त्या रात्री माझे नाव त्या खोलीत कोणाला ठाऊक नव्हते. मी नुसती ‘सिस्टर’ होते.

२०११ सालची गोष्ट. आतड्याची लांबलेली शस्त्रक्रिया होती. सर्जन अनुभवी आणि नावाजलेले. मी समोर साहाय्यक. हत्यारे देणारी मुलगी नवीन, तिला लागून दोन महिने झाले होते. पोट शिवायची वेळ आली आणि ती पुटपुटली, “एक कमी आहे.” सर्जन म्हणाले, “मी आत पाहिले आहे. काही नाही. शिवा.” ती गप्प झाली. तिचे फक्त डोळे दिसत होते. ते डोळे मी ओळखले.

सुई माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली आणि म्हटले, “नाही. मोजणी जमेपर्यंत मी शिवणार नाही.” आवाज माझा कापत होता, हे कबूल करते. पन्नाशीला आलेली बाई मी, तरी पाय लटपटत होते. आम्ही पुन्हा पोटात पाहिले. क्ष-किरण यंत्र आणवले. तिकडच्या मॉपमध्ये त्या किरणांत दिसणारा धागा असतो. पोटात काही नव्हते. मॉप सापडला कचऱ्याच्या बादलीत, दुसऱ्या मॉपला चिकटलेला. सर्जन घड्याळाकडे बघून म्हणाले, “वीस मिनिटे गेली.” मी म्हटले, “हो, गेली.” आणि शिवायला घेतले.

बाहेर आल्यावर ती मुलगी माझी क्षमा मागू लागली. तिला वाटले, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला. तिला मी खुर्चीवर बसवले आणि त्या बाळंतिणीची गोष्ट सांगितली. तेव्हाही अर्धीच सांगितली. सहीचे सांगितले नाही. पुढे २०१६ मध्ये, घटनेला तीस वर्षे झाल्यावर, नव्या नर्सेसना शिकवताना पहिल्यांदा पुरती सांगितली. आज इथे सांगते आहे, कारण मोजून उठायचे हे मला ह्याच घरात शिकवले होते आणि मी ते एका रात्री विसरले.

भगिनींनो, आपल्याकडे शस्त्रक्रियेतली ही मदत बहुधा शिकाऊ किंवा कनिष्ठ डॉक्टर करतात. पण अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आपल्या देशातही निघाला आहे. घरात हुशार मुलगी असेल आणि तिला नर्सिंग करावेसे वाटले, तर “डॉक्टर नाही जमलं का?” असे तिला विचारू नका. हे शिक्षण दुय्यम नाही.

दुसरे मागणे असे. उद्या तुमच्या घरच्या कोणाची शस्त्रक्रिया झाली आणि नर्सने चारदा नाव विचारले, कोणती बाजू ते पुन्हा पुन्हा विचारले, तर कंटाळू नका. ती सुया मोजते आहे असे समजा.

शिवणाच्या बाई आज हयात नाहीत. त्यांची डबी मंडळाच्या कपाटात अजून आहे, असे चिटणीसबाईंनी मघाशी दाखवले. आत सतरा सुया आहेत. मी मोजल्या.