विद्यापीठ आणि त्याचे गाव



विद्यापीठांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा अभ्यासक्रम, परीक्षा, अनुदान आणि कुलगुरूंची निवड यांच्याभोवतीच फिरते. विद्यापीठ ज्या गावात उभे असते, त्या गावाचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः विद्यार्थी रात्री कोठे झोपतो, दोन वेळ कोठे जेवतो, तास संपल्यावर कोणाशी बोलतो आणि पदवी मिळाल्यावर कोठे कामाला लागतो, या प्रश्नांची उत्तरे गाव देत असते. समाजाच्या कोणत्या थरातील मुले तेथे टिकणार, हेही पुष्कळसे त्या उत्तरांवरच ठरते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा अनुभव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. हे जिल्हे बव्हंशी एकाच मुलखाचे. १९४९ मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा अशी वाटणी झाली आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. परीक्षा घ्यावी, पदवी द्यावी, एवढेच त्याचे काम. अशा विद्यापीठाला गाव नसले तरी चालते; एक कचेरी पुरते. शिकवायचे ते कॉलेजांनी. म्हणून आपल्या भागात गाव आणि उच्च शिक्षण यांची गाठ प्रथम पडली ती कॉलेजांच्या रूपाने.

१९१९ या एकाच वर्षी या मुलखात दोन आरंभ झाले. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगली आणि मिरज यांच्या मधोमध, मोकळ्या माळावर विलिंग्डन कॉलेज काढले. त्याच वर्षी कऱ्हाडजवळच्या काले या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. या दोन संस्थांना लाभलेली गावे वेगळी होती, आणि संस्थाही वेगळ्या घडल्या.

सांगली आणि मिरज ही पटवर्धनांच्या दोन स्वतंत्र संस्थानांच्या राजधान्यांची गावे. एकीकडे हळदीची पेठ, गणपतीचे देवालय आणि १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी जेथे मराठी नाटक उभे केले तो दरबार. दुसरीकडे तंतुवाद्यांचे कारागीर, मिशनचे इस्पितळ आणि रेल्वेचे जंक्शन. कॉलेज मात्र या दोहोंपैकी कोणाचेच नव्हते. दोन्ही गावांपासून ते सारख्याच अंतरावर राहिले. याचा लाभ झाला तो असा, की कोणा एका दरबाराचा वरचष्मा त्यावर बसला नाही. तोटा असा की गावातील विद्या कॉलेजात शिरली नाही. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे जमिनीखाली साठविली जात असे. तारण, साठवण आणि भाव यांचे संपूर्ण अर्थशास्त्र दोन-चार मैलांवर चालू असताना वर्गात मार्शलचा ग्रंथ वाचला जाई. २००५ च्या महापुरात यांपैकी पुष्कळ पेवे निकामी झाली. त्यांच्याबरोबर एक प्रयोगशाळाही गेली, असे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

या कॉलेजात आपोआप शिरले ते एकच, सीमेवरचे द्वैभाषिक जीवन. वि. कृ. गोकाक यांच्यासारखा कन्नड कवी तेथे प्राचार्य होता, रं. श्री. मुगळी कन्नड शिकवीत होते, आणि मराठी-कन्नड मुले एकाच वसतिगृहात राहत होती. पुढे धारवाडला कर्नाटक विद्यापीठ निघाले, १९५६ मध्ये भाषावार राज्यरचना झाली, आणि कॉलेजच्या पाठीशी असलेला मुलूख अर्धाच उरला. तेच कॉलेज, जागेवरून न हलता, आधी मुंबई, मग पुणे आणि मग शिवाजी अशा तीन विद्यापीठांत गणले गेले. भाषावार राज्यरचना न्याय्यच होती. तिची किंमत सीमेवरच्या गावाने आणि त्याच्या कॉलेजाने दिली, एवढेच येथे नोंदवावयाचे.

साताऱ्याची गोष्ट निराळी. शाहू छत्रपतींची ही राजधानी इंग्रजी अमलात कलेक्टर कचेरीचे, वकिलांचे आणि पेन्शनरांचे गाव झाली होती. अशा गावात खेड्यातून आलेल्या गरीब मुलाला खोली कोण देणार? खोली मिळाली तरी भाडे कोठून आणणार? आणि मूल महार-मांगाचे असेल तर भाड्याचा प्रश्न उद्भवण्यापूर्वीच दार बंद होई. मोठ्या शहरात माणूस गर्दीत हरवू शकतो. लहान गावात आडनाव विचारल्याविना ओटीवर कोणी बसू देत नाही. गावाच्या आकाराचा हा परिणाम कोणत्याही आयोगाच्या अहवालात सापडत नाही, पण शिक्षणाच्या इतिहासात तो निर्णायक ठरला आहे.

भाऊरावांनी तो नेमका ओळखला. कोल्हापुरात शिकत असताना त्यांनी शाहू महाराजांची वसतिगृहे पाहिली होती. ती बहुतांशी जातवार होती. त्या काळी तसे करणे महाराजांना भाग पडले असावे. भाऊरावांनी १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आणली आणि सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविले. १९२७ मध्ये गांधीजींच्या उपस्थितीत त्या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मुले स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत, लाकडे फोडीत. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी तो खर्च श्रमाने भरला. वसतिगृहात दाणे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. येथे क्रम ध्यानात घ्यावा. साताऱ्यात बोर्डिंग १९२४ मध्ये आले आणि छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये. ताट आणि अंथरूण यांची सोय आधी झाली; पदवीची सोय तेवीस वर्षांनी.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ झाले ते कोल्हापुरात. आज आकड्यांनी पाहिले तर आश्चर्य वाटेल. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूरची वस्ती साडेपाच लाखांच्या घरात आणि सांगली-मिरज-कुपवाडची पाच लाखांवर होती; फरक फार नाही. परंतु कोल्हापूर हे एका गादीचे एकसंध शहर होते, १८८० पासूनचे राजाराम कॉलेज तेथे होते, आणि बहुजन समाजातील मुलांच्या वसतिगृहांची साठ वर्षांची परंपरा होती. दोन-तीन संस्थानांत वाटले गेलेले सांगली-मिरज १९९८ मध्ये कोठे एका महापालिकेखाली आले. विद्यापीठास लोकसंख्येपेक्षा गावाची एकवाक्यता अधिक लागते, असे यावरून वाटते. साताऱ्याची वस्ती तर त्याच जनगणनेत एक लाख वीस हजारांच्या आसपास होती.

कोल्हापूर साताऱ्याहून सुमारे १२० किलोमीटर आणि पुणेही साधारण तितकेच. ज्याच्या बापाची ऐपत आहे तो मुलगा पुण्याला जातो. उरलेला एसटीने येऊन-जाऊन शिकतो. माण-खटावचा विद्यार्थी पहाटे उठून साताऱ्यास येतो, जत-आटपाडीचा सांगलीस. त्याच्यापुरते ग्रंथालय बंद होते ते ग्रंथपालाच्या घड्याळाने नव्हे, दहिवडीच्या शेवटच्या गाडीने. वादसभा, नाटक, व्याख्यानमाला, संध्याकाळी प्राध्यापकाच्या घरी होणारी चर्चा, हे सारे विद्यापीठ शेवटच्या गाडीनंतरचे असते. मुलींच्या वाट्याला तर ते त्याहून कमी येते. आणि त्याच माण-खटावातील माणसे मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत माथाडी म्हणून ओझी वाहत आली. त्यांनी पाठविलेल्या पैशावर मुले शिकली, आणि नोकरीसाठी पुन्हा तीच मुंबईची गाडी धरली. गावात पदवीला काम नसेल तर विद्यापीठ हे स्थलांतराचे पहिले स्थानक होते.

लहान गावाचा आणखी एक दोष स्पष्ट सांगितला पाहिजे. साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ आणि शिक्षण संस्था यांच्या खुर्च्या पुष्कळदा एकाच घराभोवती मांडलेल्या असतात. महानगरात प्राध्यापकाला एका दाराने घालविले तर दुसरे दार असते. तेथे वर्तमानपत्रे अनेक, कोर्ट जवळ, टीकाकार पुष्कळ. तालुक्याच्या गावी दुसरे दार नसते. तेव्हा विचारस्वातंत्र्य हे केवळ धैर्यावर अवलंबून राहते, आणि धैर्य हा काही वेतनश्रेणीत बसणारा गुण नव्हे.

मग लहान गाव विद्येला नालायकच समजावे काय? जर्मनीतील ग्योटिंगेन हे लहानसेच गाव, पण गणितात त्याने जगाला दिशा दिली. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. साताऱ्याजवळच्या वाईत प्राज्ञपाठशाळा होती. तेथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते आणि तेथूनच मराठी विश्वकोशाचे काम चालले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. वाईत विद्यापीठ नव्हते. पण लेख टपालाने येत, तज्ज्ञ मुक्कामास येत, आणि कृष्णाकाठच्या गावात त्यांच्याशी वाद घालणारी माणसे होती. सरकारने खर्च केला, परंतु वातावरण काही सरकारला निर्माण करता आले नसते.

२०२१ मध्ये साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स या रयतेच्या तीन कॉलेजांचे मिळून हे समूह विद्यापीठ आहे. संलग्न कॉलेजांचा पसारा नाही, शेकडो केंद्रांवर परीक्षा घेण्याचा व्याप नाही. प्रथमच साताऱ्यास सर्वस्वी साताऱ्यातच असलेले विद्यापीठ मिळाले आहे. अशा विद्यापीठाला गावाचा आकार अडचणीचा नसून सोयीचा ठरू शकतो. तीन कॉलेजांतील विद्यार्थी पायी एका ग्रंथालयात जाऊ शकतात. धनंजयराव गाडगिळांनी वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी केली होती. त्यांचेच नाव लावणाऱ्या कॉलेजातील मुलांनी आज ती पुन्हा करण्यास बंदी कोणाची आहे?

मात्र पाटी बदलणे सोपे आणि खानावळ चालविणे अवघड. नव्या विद्यापीठाने इमारतींच्या नकाशाआधी दोन आकडे गावापुढे मांडावेत. परगावाहून येणाऱ्या मुलामुलींची संख्या किती, आणि त्यांच्यासाठी वसतिगृहात खाटा किती. या दोहोंतील फरक गावात खोली घेऊन भरून काढण्याची ऐपत कोणाकडे आहे, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. खाटा होईपर्यंत निदान एसटीच्या विभागीय कचेरीशी बोलून दहिवडीची शेवटची गाडी ग्रंथालय बंद झाल्यावर सोडण्याची व्यवस्था करता येईल. त्याला कायद्यात दुरुस्ती लागत नाही.