काळ्या मातीचं पोर आणि परकी जमीन

मुक्ताईनगरातून बोलतोय. बाहेर ऊन असं तापलंय की रिकाम्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात.

परवा एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. बीएस्सी ॲग्रीचं शेवटचं वर्ष. म्हणतो, ‘दादा, परदेशात जाऊन मृदाशास्त्रज्ञ व्हायचंय. पण मला माहीत काय, तर केळी-कपाशीची काळी जमीन. तिकडे कोण विचारणार?’

भावा, आधी पांडुरंग खानखोजे यांची गोष्ट ऐक. वर्ध्याचा माणूस. इंग्रजांशी लढायचं म्हणून तरुणपणी देश सोडला. अमेरिकेत शेतकी शिकले, गदर चळवळीत उतरले. १९२४ साली मेक्सिकोत पोहोचले. देश नवा, भाषा स्पॅनिश, आणि मायदेशी परतायचं तर इंग्रज टपलेले. तिथे चापिंगोच्या कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका आणि गहू सुधारला, गरीब शेतकऱ्यांसाठी शेतीशाळा काढल्या. आता बघ, मका म्हणजे मेक्सिकोचंच हजारो वर्षांचं पीक. त्यांना बाहेरचा माणूस मका शिकवणार? शेतकऱ्याच्या बांधावर गेल्याशिवाय ते जमणारच नव्हतं. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

तू म्हणशील, हे तर पिकांचे शास्त्रज्ञ, मातीचं काय? मग रतन लाल घे. फाळणीत निर्वासित झालेलं कुटुंब, हरियाणातली लहानशी शेती. अमेरिकेत ओहायोला पीएचडी केली आणि पुढे नायजेरियात गेले. तिथे धो धो पावसात उघडी जमीन वाहून जाते. म्हणून त्यांनी नांगरट टाळणं, जमिनीवर आच्छादन ठेवणं यावर वर्षानुवर्षं काम केलं. २०२० चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मातीच्या कामासाठीच मिळाला.

आता तुझ्या काळ्या जमिनीकडे ये. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. भेगा पडतात, वरची माती त्यात घसरते, जणू जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. शास्त्रात या मातीला ‘व्हर्टिसॉल’ म्हणतात. मेक्सिको, टेक्सास, सुदान, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे ती आहे. पुस्तकात इतरांना जे वाचावं लागतं, ते तू अनवाणी पायांनी शिकलायस.

पण एक सांगतो. नाव सारखं म्हणून माती सारखी नसते. आपल्याच चांगदेवला पूर्णा तापीला मिळते ना? त्याच पूर्णेच्या काठाने वर विदर्भात जा, खारपाणपट्टा लागतो. रंग काळाच, पण विहिरीचं पाणी खारं. एका नदीकाठी एवढा फरक, मग देश बदलल्यावर किती?

म्हणून फॉर्म भरण्याआधी एक काम कर. स्वतःच्या शेतात मीटरभर खोल खड्डा खण. थर कुठे बदलतो, मुळं कुठवर गेलीत, चुनखडीचे खडे कुठे लागतात, सगळं लिहून काढ. मग गावातल्या म्हाताऱ्यांना विचार: भारी कोणती, बरड कोणती, चोपण कशी ओळखायची? परक्या देशात उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात हेच कर. खड्डा खण, आणि तिथल्या म्हाताऱ्याला विचार. भाषा मोडकी असली तरी चालेल. नव्या माणसाने ‘आमच्याकडे असं असतं’ एवढंच म्हटलं, तर तो पाहुणाच राहतो. ‘तुमच्याकडे कसं असतं?’ असं विचारलं की लोक जागा देतात.

खड्ड्याचा फोटो पाठव, वाट बघतोय. भेटू पुढच्या भागात. राम राम!